भाचीच्या गाण्याला घातलेला मांडव

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतची पोरं सांभाळते. माझ्या गाण्याची मजल प्रार्थनेपर्यंत, आणि तीही पोरांच्या आवाजात दबून जाते म्हणून बरं. अशा मला पन्नाशी उलटल्यावर बँड ऐकायचा नाद लागला, आणि त्याला सर्वस्वी माझा भाऊ जबाबदार आहे.

भाऊ माझ्याहून धाकटा. खोपोलीला कारखान्यात कामाला, आणि पोशीर गावात आमचं घर नि थोडी भातशेती. मी लग्न केलं नाही, भावाकडेच राहते. का केलं नाही, हे विचारायची हिंमत गावात आजवर दोघींनी केली. त्या दोघी अजून मला बघून रस्ता बदलतात.

भावाला एकुलती एक मुलगी. ती बी.कॉम. झाली आणि नोकरीचा अर्ज घेऊन यायच्या ऐवजी गिटार घेऊन आली. कॉलेजातले दोन मुलगे, एक खालापूरचा, एक कर्जतचा, आणि ही, असा तिघांचा बँड काढलाय म्हणाली. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. भावाने जेवताना विचारलं, "कोट कुठल्या रंगाचा?"

"कोट नसतो, बाबा. आम्ही आमची स्वतःची गाणी म्हणतो."

"स्वतःची? का, बाजारातली संपली काय?"

मग पोरगी शनिवार-रविवारी 'शो'ला जायला लागली. कधी स्वतःचा, कधी दुसऱ्या बँडचा ऐकायला. भाऊ नाही म्हणाला नाही, पण हो म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. शेवटी माझ्याकडे बोट केलं. "ताई, तू जा हिच्याबरोबर. बघून ये काय थेरं हायत ती." अहो, आठवडाभर पोरांचे शेंबूड पुसून शनिवारी जरा पाय पसरावे, तर ही राखणदारी. मी चांगली चिडले होते. पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू आणि तपासायचे पेपर टाकले आणि निघाले.

पहिला शो कर्जतच्या पुढे, एका फार्महाऊसवर, जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. कोंबड्या जाऊन वर्षं लोटली असतील, पण वास म्हणाल तर अजून अंड्यावर बसलेला. खाली गोणपाटं अंथरली होती, आणि त्यावर वीस-पंचवीस माणसं मांडी घालून चिडीचूप बसली होती. मला वाटलं, कुणाच्या दहाव्याला आलो की काय! माझे गुडघे काही खाली बसू देईनात, म्हणून मी कोपऱ्यातली एकुलती एक खुर्ची ओढली आणि बसले. तिथेच घोटाळा झाला. सगळे जमिनीवर, मी एकटी खुर्चीवर, कॉटनची साडी, चष्मा. गाणारा मुलगा मधूनच म्हणाला, "मॅडम आवर्जून आल्या, त्यांचे आभार." सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. आणि शेवटच्या गाण्यानंतर त्याने माइक आणून माझ्या हातात दिला.

आता माइक हातात आला की शिक्षकाला दोन शब्द बोलावेच लागतात. तो आमच्या नोकरीचा भाग आहे. मी उठले, "उपस्थित मान्यवर" म्हणाले, पोरांचं कौतुक केलं, शेड झाडून घेतल्याबद्दल विशेष कौतुक केलं, आणि ढोल बडवणाऱ्याला म्हटलं की बाळा, ओठ चावू नकोस, एखाद दिवशी तुटेल. भाची तोंडावर ओढणी धरून बसली होती. पण खरं सांगते, पोरांनी टाळ्या मनापासून वाजवल्या. त्यानंतर आम्ही कुठेही गेलो तरी माझ्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असायची.

असं करत मी बरेच बँड ऐकले. त्यांची नावं इथे लिहीत नाही, लिहिली तर तुम्ही म्हणाल बाई चळली. एकाचं नाव भाजीवरून होतं, एकाचं रोगावरून. गाणी मात्र ऐकण्यासारखी. एक मुलगी होती, ती अख्खं गाणं आपल्या मोडक्या पंख्यावर म्हणायची. मला वाटलं होतं हसू येईल, तर रडू आलं. घरी येऊन मी आमचा पंखा पुसला.

माथेरानला भाचीचाच शो होता, हॉटेलातल्या हिरवळीवर. तिथे गाड्या जात नाहीत, त्यामुळे ढोल, झांजा, खोके सगळं घोड्यावर लादायचं. घोडेवाला म्हणाला, "मावशे, सामान बांधलंय, पण त्या ताटल्या वाजल्या तर घोडा माझं ऐकायचा नाय." त्या ताटल्या, म्हणजे ड्रमच्या झांजा, मी स्वतः पदरात गुंडाळून पोटाशी धरून वर नेल्या. वर गेल्यावर काय, तर पाहुण्यांतल्या एका काकांचा वाढदिवस. पोरीने पहिलं गाणं धरलं तोच काकांनी हात वर करून आपलं आवडतं सिनेमाचं गाणं मागितलं. मग केक आला. मग काकी नाचल्या. भाचीचं गाणं अर्ध्यावर जे राहिलं ते राहिलंच.

खोपोलीत तर त्याहून वाईट. एका खानावळीच्या वर हॉल होता, माणसं आपल्याकडचीच, ओळखीपाळखीची. तिसऱ्या मिनिटाला मागून ओरडा सुरू झाला, "ए, हळदीचं लाव, हळदीचं!" आमच्या भागात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. स्पीकर दिसला की पाय आपोआप हलतात, तिथे पोरीच्या मनातलं कोण ऐकतंय!

परत येताना ती रिक्षात गिटार मांडीवर घेऊन बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आत्या, फार्महाऊसवर मुंबईची माणसं येतात, ती ऐकतात. ती चांगलीच आहेत. पण मी लिहिते ते त्यांच्यावर नाही गं. आपल्या माणसांनी एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच. एकच." मी भाड्यावरून रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात भावाने तिच्यासाठी खोपोलीला ऑफिसात शब्द टाकला होता. तो जेवताना म्हणाला, "झालं ना सहा-आठ महिने? कोण ऐकतं तुझं? आता पुरे. ती गिटार माळ्यावर टाक. मी जागा करून ठेवलीय, सुपं नि पाटीच्या मधे." खरंच करून ठेवली होती. वर जाऊन झाडून आला होता शहाणा.

मी ताट सरकवलं. "तू तिचं एक तरी गाणं ऐकलंयस का रं?"

"मला कुठं येळ?"

"मग न ऐकता निकाल कसला लावतोस? मी पेपर न वाचता पोरांना नापास करते का?"

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "बरं. आपल्या खळ्यात करा एकदा. चार घरची माणसं बोलवू. त्यांनी एक गाणं जरी धड ऐकलं, तर मी काय बोलणार नाय. नायतर गिटार माळ्यावर." भाची माझ्याकडे बघून हसली. बापाने एवढं कबूल करणं म्हणजे आमच्या घरात सणच.

इथून पुढे जे झालं त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझा भाऊ मनापासून कामाला लागला, हाच काय तो दोष. भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती, खळं शेणाने सारवून लख्ख केलं. दव पडेल म्हणून मांडव घातला. मांडव घातला म्हणून आंब्याचं तोरण बांधलं. तोरण बांधलं तर खांब बोडके दिसतात म्हणून केळीचे खुंट उभे केले. मी शाळेत होते, नाहीतर तिथेच थांबवलं असतं. मग तो चार घरी बोलवायला निघाला, तर "हात हलवत कुणाच्या दारात जायचं?" म्हणून डब्यात अक्षता घेऊन गेला. बोलावणं म्हणजे अक्षता, दुसरी रीत त्याला माहीत नाही. आणि चार घरी अक्षता दिल्या की भाऊकीतल्या बाकीच्यांना वगळता येतं का? तोंडाने तो सगळीकडे खरंच सांगत होता की पोरीचं गाणं हाय, ऐकायला या. पण तळहातावर अक्षता पडल्यावर तोंडाचं कोण ऐकतं!

वर आणखी, साउंड म्हणून त्याने सांगितला तो गावातलाच हळदीचा डीजेवाला. त्याने माणसाच्या उंचीचे खोके उभे केले आणि आवाज तपासायला हळदीचा ठेका लावला. बस्स. पार नाल्यापलीकडच्या वाडीपर्यंत बातमी गेली की पाटलांच्या मागच्या घरात, म्हणजे आमच्याकडे, आज हळद, आणि घाईघाईत उरकतायत म्हणजे पोरीने स्वतः जमवलंय.

पाच वाजता माणसं यायला लागली. पंधरा-वीस येतील म्हणून भावाने एका मडक्याची पोपटी लावायची ठरवली होती, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंबून. सव्वापाचला खळं भरलं, साडेपाचला शेताच्या बांधावर माणसं उभी. आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन. नारळ, ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, स्टीलचे डबे, एकाने तर पितळी समई. माझी भावजय दारात उभी राहून, "अवो नाय, तसं काय नाय," म्हणत होती, आणि लोक तिच्या हातात आहेर कोंबून, "आसंल आसंल, आमी काय बोललो?" म्हणत पुढे जात होते.

बँडच्या दोन मुलांचे तर हाल विचारू नका. बायका त्यांना घोळक्याने बघून जात होत्या. "ह्यातला कंचा?" "तो उंच आसंल." "नाय गं, तो दुसरा, बघ कसा लाजतंय." ड्रम लावणाऱ्या खालापूरच्या पोराच्या गालाला एका काकूंनी हळद फासलीसुद्धा, तो झांजेचा स्क्रू पिळत होता तेव्हा. पण या सगळ्यावर कडी केली ती आमच्या वरच्या आळीतल्या एका म्हातारीने. ती थेट माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "बाय गं! शेवटी केलंस ना मनावर?"

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती कपाळावर हात मारून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

पोरीने पहिलं गाणं सुरू केलं. कोणाचंच लक्ष नाही. पुरुष मंडळी 'जेवान कवा' यावर चर्चा करत होती, पोरं खोक्यांसमोर नाचत होती, आणि "हळदीला पोपटी? काय कंजूष माणूस!" हे तर मी स्वतःच्या कानांनी तीनदा ऐकलं. दुसऱ्या गाण्याला मागून तीच आरोळी, "हळदीचं लाव!" भाचीचा आवाज मला कळायला लागला होता एव्हाना. तो आतल्या आत चालला होता. ती पुढच्या माणसांकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. आणि बाप खळ्याच्या टोकाला मडकं उपडं घालून, त्यावर पेंढा रचून जाळ करत पाठमोरा बसला होता.

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि शाळेतल्या आवाजात ओरडले, "गऽऽप!"

अख्खा मांडव गप्प झाला. त्यातले निम्मे माझ्याच हाताखालून गेलेले. डीजेवाल्याने तर दचकून माइकच बंद केला आणि चोरासारखा पेंढ्याच्या उडवीमागे गेला. पण घाबरून गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलंय. अर्ध्या मिनिटात पुन्हा कुजबूज सुरू होणार होती.

भाची मायक्रोफोनपासून बाजूला झाली. तिने मुलांना थांबा म्हणून खूण केली आणि गिटार घेऊन सरळ खाली, सारवलेल्या खळ्यावर येऊन बसली. तिच्यासमोर पाटावर आमच्या गावची धवलारीण बसली होती, म्हणजे लग्नात हळदीपासून धवल्यांची गाणी म्हणणारी मानाची म्हातारी. तिला वेगळं बोलावणं लागत नाही, हळद म्हटली की ती आधी येते. आपल्या आधी ही कार्टी सुरूच कशी झाली म्हणून ती मघापासून तोंड वाकडं करून बसली होती. खोपोलीला आगगाडीचे रूळ संपतात, त्यावरचं आपलं गाणं भाचीने हळू आवाजात सुरू केलं.

*पुढं रूळ नाय गं, पुढं डोंगर हाय,*
*उतर खाली बाय गं, इथंच तुझं घर हाय.*

ही ओळ म्हणून ती थांबली. गाण्यात तिथे जरा वेळ नुसती गिटार वाजते. आता धवल्यांची रीत अशी, की धवलारीण ओळ म्हणते, थांबते, आणि मागे बसलेल्या बायका ती ओळ झेलतात. तोवर मांडवात कोणी ब्र काढत नाही, काढला तर अपशकुन. म्हातारीने उभा जन्म हेच केलेलं. समोर एक पोर खाली बसून ओळ म्हणते, थांबते, आणि झेलायला कोणीच नाही! तिला ते सहन होईना. तिने मान उचलली, डोळे मिटले, आणि चिरक्या, खणखणीत आवाजात तीच ओळ झेलली. तिने झेलली म्हटल्यावर मागच्या सगळ्या बायकांनी झेलली.

भाचीची बोटं तारांवर अडखळली. मी जागेवरून मानेने सांगितलं, चालू ठेव गं! तिने पुढची ओळ म्हटली. बायकांनी झेलली. जेवणाची चर्चा बंद पडली, पोरांच्या पाठीत धपाटे बसले, बांधावरच्या पुरुषांनी सवयीने टोप्या सारख्या केल्या. खालापूरच्या पोराने हळद माखल्या गालाने गुडघ्यावर हलका ठेका धरला. गाणं शेवटपर्यंत झालं. शेवटची ओळ तर बायकांनी सोडलीच नाही, तीन-तीनदा म्हटली.

आणि मग करपल्याचा वास आला.

मी वळून पाहिलं. भाऊ हातात पेंढ्याची पेंढी घेऊन, आमच्याकडे तोंड करून उभा होता. मडक्याचा जाळ कधीच पुरा व्हायला हवा होता, तो तसाच भडकत होता. हा माणूस पोपटी लावायला पंचक्रोशीत फिरतो. मडक्यावर नुसतं पाणी शिंपडून, चुर्र आवाजावरून सांगतो की झाली. त्याची पोपटी आजपर्यंत करपली नव्हती. ती त्या दिवशी कोळसा झाली. शेंग कुठली, बटाटा कुठला, ओळखू येईना.

माणसं उपाशी गेली असं समजू नका. हळदीच्या घरी कमी पडलं तर भाऊकीने धावायचं असतं, तेव्हा ज्याच्या त्याच्या घरून भाताची पातेली आली, चवळीची आमटी आली, आणि कशाची हळद, कोणाची हळद, हा प्रश्न जेवणात बुडून गेला. धवलारणीने मात्र हात धुताना भाचीला गाठलं. "गळा बरा हाय तुजा. पन रूळ काय घालतंस गं गान्यात? वाट म्हनायचं. पुढं वाट नाय गं. माजी आई तसंच म्हनायची."

"आजी, अगं, हे मी लिहिलंय! गेल्या पावसाळ्यात!"

"तू? जा गं! तू कालची पोर. हे लई जुनं हाय."

भाची माझ्याकडे आली तेव्हा तिला राग आला होता, रडू येत होतं आणि हसू फुटत होतं. "आत्या, ती म्हणते माझं गाणं तिच्या आईचं आहे!" मी तिला पोटाशी धरलं.

राहता राहिले आहेर. भावजयीने सगळ्यांना परत द्यायचा प्रयत्न केला, पण दिलेला आहेर परत कोण घेणार? "ऱ्हाऊ दे गं, पुढं लागंल," म्हणत लोक रिकाम्या हातांनी घरी गेले. ओटीवर नारळ, डबे, टोप्या, समई यांचा ढीग. भावाने शिडी लावली, मला धरायला सांगितलं, आणि एकेक वस्तू माळ्यावर चढवायला लागला. सुपं नि पाटीच्या मधली ती झाडलेली जागा त्याने आधी भरली. भाची गिटार हातात धरून दारात उभी होती, काय निकाल लागतो त्याची वाट बघत. विचारायची तिची हिंमत नव्हती.

तो खाली उतरला. हात झटकले, पोरीकडे न बघता कोपऱ्यातला पंचा शोधायला लागला. "माळा तर भरला सगळा," तो म्हणाला. "ती गिटार आता खालीच ऱ्हाऊ दे. वर जागा नाय."

शिडी माझ्या हातात होती. खालून मला माळा नीट दिसत होता. सुपांच्या पलीकडे तो अर्ध्याहून जास्त रिकामा होता. मी शिडी उचलली आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवली.